मागच्या खोलीचा ठराव

आमच्या मराठी संघाच्या हॉलमागं एक खोली आहे. दहा बाय बारा. एक खिडकी, एक पंखा, एक ट्यूबलाइट. पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी गळतं. त्या खोलीसाठी मी जे केलं ते सगळं सांगतो. चुकलो ते पण.

मी साईराम. वय तेवीस. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षी सोडलं, आता मेल वीदीला, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्याला, झेरॉक्सच्या दुकानात बसतो. ग्रुप फोरची परीक्षा द्यायची आहे, म्हणजे सरकारी नोकरीची. क्लास लावणं जमत नाही. मग मी, विनुता आणि नटराज, आम्ही तिघं रोज पहाटे पाच ते आठ त्या खोलीत बसून वाचतो. माझ्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं आणि एक टीव्ही. विनुताच्या घरी तर दारातच पिठाची गिरणी. ही खोली गेली तर परीक्षा गेली. इतकं सरळ.

खोलीची किल्ली वत्सलाक्काकडं असते. अक्का हॉल झाडते, उघडते, बंद करते, आणि संघाचं जेवण असलं की स्वयंपाकघर तिचंच. पहाटे दार उघडून ती दर वेळी तेच विचारते, "आज काय शिकणार, कलेक्टरसाहेब?"

"सत्ता म्हणजे काय," नटराज एकदा म्हणाला. "अधिकार म्हणजे काय. दोघांत फरक काय."

"फरक काय?"

नटराजनं पुस्तकातलं वाचून दाखवलं. अक्कानं ऐकून घेतलं, झाडू उचलला. "पाय वर घे," म्हणाली. तिघांनी पाय वर घेतले.

आमचा संघ म्हणजे तंजावरातल्या मराठी घरांचा. काही घरं पापनाशमला, काही तिरुवैयारूला. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, नोकरीत इंग्रजी. बोलतात सगळे, वाचणारे कमी. मी पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत देवनागरी वाचू शकत नव्हतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की फोनवर शिकलो. कशासाठी शिकलो ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

अध्यक्ष बाळकृष्णराव. आम्ही मामा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. रेव्हेन्यू खात्यातून रिटायर झाले आणि तेव्हापासून अध्यक्ष आहेत. बारीक, ताठ, पांढरी वेष्टी नेसलेले, खिशाला दोन पेनं. वाईट माणूस नाही हे आधीच सांगतो, कारण पुढं वाचताना तसं वाटेल.

संघाची सभा वर्षातून एकदा, पोंगलनंतरच्या रविवारी. दहाला सुरू. प्रार्थना, अहवाल, भाषण. मग बरोबर साडेबाराला आतून वास यायला लागतो. सांबार, डांगर पचडी, तुपातली पोळी. पानं मांडल्याचा आवाज येतो. तेव्हा मामा उभे राहतात, वर्षाचे सगळे ठराव एका दमात वाचतात आणि विचारतात, "कोणाची हरकत?"

कोणाची असणार? भात थंड होतो.

लहानपणापासून मी हे बघत आलो. मला वाटायचं ही पद्धतच आहे, जसं आधी मीठ वाढतात तसं. जानेवारीत पुस्तकात एक वाक्य वाचलं, की विषय कोणत्या क्रमानं घ्यायचे हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात बरंच काही असतं. मी पुस्तक मिटलं आणि नटराजला म्हटलं, "अरे, साडेबारा."

"काय साडेबारा?"

"मामा ठराव साडेबाराला का घेतात?"

नटराज विचार करत राहिला. मग हळूच म्हणाला, "भूक."

हे सगळं आत्ताच का सुचलं, तर या वर्षी ठरावात आमची खोली होती. एका कुरियर कंपनीला गोडाऊन म्हणून तीन वर्षं भाड्यानं. ते लोक गच्चीची दुरुस्ती करून देणार. अक्कानंच सांगितलं. तिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "कॉफी कोण नेऊन देतं त्यांना?"

मी मामांकडं गेलो. व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"मामा, खोली देऊ नका. आम्ही तिघं वाचतो तिथं."

"माहीत आहे. लाइटचं बिल मीच बघतों." त्यांनी पेपराची घडी केली. "गच्ची गळते, तें माहीत आहे कां तुला? दोन वर्षांत भिंत उतरेल. मग खोलीही नाही, हॉलही नाही. तिघांच्या परीक्षेसाठी नव्वद घरांचा हॉल घालवूं?"

मी दुसरंच बोललो.

"मग लोकांना विचारा. नीट विचारा. जेवण आधी करा, ठराव नंतर घ्या. भुकेल्या माणसाला काय विचारायचं."

मामा हसले. "जेवण आधी? बरं. तसं करूं."

इतक्या सहज हो म्हणाले. मी सायकल हाणत खोलीवर आलो, विनुताला सांगितलं. मला वाटलं मी जिंकलो.

विनुता वीस वर्षांची आहे, आमच्यात सगळ्यात हुशार. तिनं फक्त विचारलं, "जेवणानंतर तुझे बाबा काय करतात?"

"झोपतात."

मला तेव्हाही कळलं नाही.

संघाचं नियमांचं एक पुस्तक आहे. सुरुवातीच्या लोकांनी हातानं लिहिलेलं, देवनागरीत, निळ्या शाईत. हॉलच्या कपाटात गणपतीच्या फोटोमागं असतं. अक्कानं काढून दिलं. दोन रात्री बसून मी ते सगळं वाचलं. ठराव कसा मांडायचा, हरकत कशी घ्यायची, सभेला चाळीस सभासद हजर पाहिजेत. मी फक्त माझी खोली वाचवणारी ओळ शोधत होतो. बाकीच्या ओळींवरून नजर नुसती फिरवली. हे लक्षात ठेवा.

रविवार आला. सभा दहाला, प्रार्थना, अहवाल, भाषण. साडेबाराला मामा म्हणाले, "या वर्षी साईरामची सूचना आहे. आधी जेवूं. ठराव नंतर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला एवढ्या टाळ्या आधी कधी मिळाल्या नव्हत्या.

जेवण सुरेख झालं. तीन वाट्या पायसम. आणि मग जे व्हायचं ते झालं. लोकांनी हात धुतले, पोटावरून हात फिरवले, घड्याळ बघितलं. पापनाशमची बस दोन चाळीसची. शेतात सांबा भाताची कापणी सुरू, मशीन दुसऱ्याकडं जाईल. म्हातारे व्हरांड्यात आडवे. मी हॉलमध्ये माझं भाषण लिहिलेला कागद घेऊन उभा, आणि समोर खुर्च्यांवर अकरा माणसं. त्यातले दोघं झोपलेले.

मामांनी मोजले. बोटानं, एकेक. "अकरा," म्हणाले. "चाळीस पाहिजेत. गणसंख्या नसली कीं विषय कार्यकारी मंडळाकडं जातो. मंडळ उद्यां बसेल."

मंडळ म्हणजे मामा आणि त्यांचे चार मित्र.

ते रागावलेले नव्हते. आवाज अगदी मऊ होता. मला तेव्हा समजलं की त्या दिवशी व्हरांड्यात ते का हसले. विनुता भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात वत्सलाक्का आली, पदराला हात पुसत. "राव, पिशव्या वाटायच्या कां?"

पिशव्यांचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं जेवणाला बोलावलेला माणूस तांबूल पिशवी घेतल्याशिवाय घरी जात नाही. कापडी छोटी पिशवी, आत नारळ, विड्याची दोन पानं, सुपारी, हळकुंड, केळं. बस चुकली तरी चालेल, पिशवी चुकत नाही. ती न घेता गेलं तर यजमानाचा अपमान आणि आपल्याला अशुभ. त्या दिवशीच्या सगळ्या पिशव्या मागच्या खोलीत होत्या. आमच्या खोलीत. कुलपात. म्हणजे लोक हॉलमधून गेले होते, पण फाटकातून गेले नव्हते. चपला घालून सगळे अंगणात उभे होते.

"वाट," मामा म्हणाले. "सभा झाली."

"झाली? खोलीचं काय ठरलं?"

"गणसंख्या नाही, अक्का. चाळीस लागतात. अकरा आहेत."

अक्कानं हॉलभर नजर फिरवली. "आणि आम्ही?"

"तुम्ही म्हणजे?"

"स्वयंपाकघरात आम्ही सोळा जणी आहों. पहांटे चारपासून. आम्हांला कां मोजलं नाही?"

मामा जरा गोंधळले. "तुमच्या घरचं मत शिवकुमार देतो कीं." शिवकुमारराव म्हणजे अक्काचे यजमान.

"तें व्हरांड्यात घोरताहेत," अक्का म्हणाली. "ऐका."

खरंच ऐकू येत होतं. अकरांमधले जे जागे होते ते हसले.

"पद्धत आहे, अक्का. एक घर, एक हात. घरातल्या मोठ्याचा."

"कोठं लिहिलं आहे?"

"पुस्तकांत असेल."

विनुता भिंतीपासून सुटली. "साईराम. पुस्तक तू वाचलंस ना?"

आणि मला ती ओळ आठवली. चौथा नियम. मी ती वाचली होती आणि पुढं गेलो होतो, कारण तिच्यात माझी खोली नव्हती. मी कपाटातून पुस्तक काढलं, पान उघडलं आणि मामांपुढं धरलं.

मामांनी चष्मा लावला. पानाकडं बघितलं. बराच वेळ. बोट ओळीखालून सरकवलं, पण बोट आणि डोळे बरोबर जात नव्हते.

मग त्यांनी पुस्तक माझ्याकडं परत केलं. हळू आवाजात म्हणाले, "मला तमिळ येतं, इंग्रजी येतं. हें येत नाही. माझ्या वडलांनी लिहिलंय. तूं वाच."

इतकी वर्षं अध्यक्ष. आणि ज्या पुस्तकाच्या नावावर सगळं चालायचं ते त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. माझ्याआधी कोणीच नव्हतं वाचलं.

हॉलमध्ये सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. खरं सांगतो, त्या क्षणी मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. खोली वाचणाऱ्यांची आहे असं वाचलं असतं तरी. अंगावर काटा आला, पण आवडलं पण. थोडं आवडलं. मग मी वाचलं:

"सभासद म्हणजे संघातील घराण्यांमधील, वय एकवीस पूर्ण असलेली प्रत्येक व्यक्ती, पुरुष अथवा स्त्री. प्रत्येकास एक मत."

"एकवीस?" विनुता म्हणाली.

"एकवीस."

मी अठरा म्हटलं असतं तर तिला मत मिळालं असतं. तिला ते कळलं. मामांना पण कळलं, कारण त्यांना तिचं वय माहीत होतं, जातीचा दाखला काढायला ती त्यांच्याकडंच गेली होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चष्मा काढून खिशात ठेवला.

"बरं," म्हणाले. "पुस्तकांत आहे तर आहे. बोलवा सगळ्यांना."

"पिशव्या?" कोणीतरी दारातून ओरडलं.

"पिशव्या ठरावानंतर," अक्का म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचली.

पाच मिनिटांत हॉल भरला. लोक कुरकुरत आले, एक मामी सरळ म्हणाली, "हा काय अन्याय, नारळासाठी मत?" पण आली. बायका प्रथमच खुर्च्यांवर बसल्या, दर वर्षी त्या मागं सतरंजीवर नाहीतर चुलीपाशी. शिवकुमाररावांना उठवून आणलं. त्यांनी विचारलं, "जेवण आहे कां?"

आधी मामा बोलले. गच्चीचं, भिंतीचं, पाणी कसं येतं ते. चांगलं बोलले. मग मी. लिहिलेलं भाषण वाचलंच नाही. म्हटलं, "मामा गच्चीचं सांगताहेत ते खरं आहे. आम्हाला खोली पाहिजे हेही खरं आहे. खोली राहिली तर गच्चीचं आम्ही बघू." कसं बघणार ते मला माहीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

मामा म्हणाले, "हात वर करा."

कोणाचेच हात वर जाईनात. बायका नवऱ्यांकडं बघत होत्या, नवरे मामांकडं. एका सुनेनं हात अर्धा उचलून केस सारखे केले.

अक्का उठली. आत गेली आणि सांबाराचा मोठा पितळी हंडा घेऊन आली, घासलेला, आतून अजून ओला. मागोमाग नटराज, दोन ताटं घेऊन. एकात सुपाऱ्या, दुसऱ्यात हळकुंडं.

"खोली भाड्यानं द्यायची तर सुपारी टाका," अक्का म्हणाली. "ठेवायची तर हळकुंड. दोन्ही उचला, मूठ बंद करा, एकच टाका. दुसरं पदरांत, खिशांत, कोठंही. मी बघणार नाही, कोणी बघूं नये."

"कुडवोलै," नटराज माझ्या कानात म्हणाला. चोळांच्या काळात मडक्यात चिठ्ठ्या टाकून गावच्या सभेचे लोक निवडायचे, ते आम्ही आदल्याच आठवड्यात पाठ केलं होतं. "चार मार्कांचा प्रश्न आहे."

"गप्प बस."

रांग लागली. हंड्यात पडल्यावर टण् असा आवाज व्हायचा. सुपारीचा वेगळा, हळकुंडाचा वेगळा असेल म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. कळत नव्हतं. विनुता रांगेबाहेर उभी राहून नावं लिहीत होती. तिला मत नव्हतं, पण यादी तिच्याच हातात होती.

मामा सगळ्यात शेवटी गेले. त्यांची मूठ हंड्यावर थोडी थांबली.

मोजायला तेच बसले. जमिनीवर मांडी घालून, केळीच्या पानावर. सुपाऱ्या एका बाजूला, हळकुंडं दुसऱ्या बाजूला, दहा-दहाच्या ओळी. ओळ वाकडी झाली की सरळ करायचे. रेव्हेन्यूची सवय. बस गेली तरी कोणी उठलं नाही.

"सुपारी, एकोणतीस," मामा म्हणाले. "हळकुंड, छत्तीस." मग त्यांनी हंड्याच्या तळातून काहीतरी उचललं. "आणि एक वेलदोडा. हा कोणाचा?"

शिवकुमारराव म्हणाले, "माझा असेल. तोंडात टाकायला घेतला होता."

"बाद."

हसायला हवं होतं, पण मी जमिनीवर बसून मनात ओळी परत मोजत होतो. विनुता माझ्या शेजारी येऊन बसली.

"अठरा वाचलं असतंस तर?" म्हणाली.

"तर सदतीस झाले असते."

"मूर्ख," ती म्हणाली, पण बरं वाटेल असं.

मामा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "ठराव फेटाळला," म्हणाले. "खोली राहील. आणि गच्चीचं साईराम बघेल, असं तोच म्हणाला. कोणाची हरकत?"

कोणाचीही नव्हती. माझी होती, पण मी काय बोलणार.

मग अक्कानं खोली उघडली आणि पिशव्या वाटल्या. ज्या मामीनं अन्याय म्हटलं होतं तिनं दोन घेतल्या.

लोक गेल्यावर मी मामांना विचारलं, "जेवण आधी म्हटल्यावर तुम्हाला माहीत होतं ना? लोक जातील ते?"

"मग. नोकरीभर सभाच घेतल्या मी." ते हंड्यात वाकून बघत होते, काही राहिलं का. "पण बायकांचं माहीत नव्हतं. तें माझ्या वडलांनी लिहून ठेवलं होतं आणि मला माहीत नव्हतं." "अजून काय लिहिलंय त्यांनी?"

त्यानंतर ते संध्याकाळी खोलीत यायला लागले. आम्ही पहाटे वाचतो, ते संध्याकाळी. मी दुकान बंद करून येतो, त्यांना अ आ शिकवतो. क आणि फ मध्ये अजून घोळ आहे. ज्ञ बघून म्हणाले, हें कोणी केलं. एका संध्याकाळी त्यांनी वडलांची सही स्वतः वाचली. मग पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

गच्चीवर मी आणि नटराज तीन रविवार होतो. डांबर, गोणपाट, सिमेंट. मामा खाली अंगणात छत्री घेऊन उभे, वर बघत ओरडायचे, "उतार पूर्वेला पाहिजे, पूर्वेला." अक्का म्हणायची, कलेक्टरसाहेब आता खरंच कामाला लागले. कुरियरवाले दुसरीकडं गेले. सिमेंट पापनाशमहून आलं. कोणी पाठवलं ते सांगितलं नाही, पण पोत्याबरोबर एक हळकुंड होतं, त्या दिवशी खिशात उरलेलं. ज्यांनी आमच्याविरुद्ध सुपारी टाकली त्यांच्यापैकी कोणीतरी.

मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला. परीक्षा जवळ आली म्हणून आम्ही सगळे तेव्हाही खोलीतच होतो, मामा पुस्तकावर वाकलेले. बाहेर नारळीची झाडं हलत होती. पंखा थांबला, लाइट गेली. सगळ्यांनी पश्चिमेच्या कोपऱ्याकडं बघितलं.

पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. मी श्वास सोडला.

मग एक थेंब. सरळ नटराजच्या पुस्तकावर, पंचायत राजच्या धड्यावर. मग बराच वेळ काही नाही. मग अजून एक.

"आधी धार लागायची," मी म्हटलं.

मामांनी अंधारात चष्मा काढला.

"बादली ठेवा. पाऊस थांबला कीं साईराम परत वर चढेल," म्हणाले. "कोणाची हरकत?"

"माझी," विनुता म्हणाली. एप्रिलमध्ये तिला एकवीस पूर्ण झाली होती. तिनं हात पण वर केला होता, अंधारात शेजारी बसलेल्या मला सोडून कोणाला दिसत नव्हता तरी. "उतार चुकलाय. पूर्वेला नाही, दक्षिणेला पाहिजे होता. मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे, कोणी ऐकत नाही."

मामांनी पुस्तक मिटलं आणि खुर्ची तिच्याकडं वळवली.

"बरं," म्हणाले. "सांग."